वाचून झालेले पुस्तक : अभिप्राय आणि शिफारस

स्मृतिव्याख्यानाच्या या पुस्तिकेसाठी विषय निवडण्याचे पूर्ण स्वातंत्र्य शाळेच्या चालकांनी मला दिले, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. संतसाहित्य, मराठी कादंबरीची वाटचाल अशा एखाद्या भारदस्त विषयाची त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र एक लहानसा, घरगुती वाटणारा विषय घेतला आहे. आपण एखादे पुस्तक वाचून संपवतो आणि त्याविषयी दुसऱ्याला काही सांगतो. हे सांगणे म्हणजे नेमके काय, ते चांगले केव्हा होते आणि फुकट केव्हा जाते, एवढाच माझा प्रश्न आहे. ज्या शिक्षिकेच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेचे ग्रंथालय अनेक वर्षे सांभाळले. त्यामुळे विषय अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. पुस्तकाविषयीच्या बोलण्याला मराठीत तीन शब्द रूढ आहेत : परीक्षण, अभिप्राय आणि शिफारस. आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, पण तिघांची कुळे वेगळी आहेत. परीक्षण म्हणजे सर्व बाजूंनी पाहणे. ते करणाऱ्याने लेखकाची आधीची पुस्तके, त्या वाङ्मयप्रकाराची परंपरा, भाषेची घडण हे सारे ध्यानात घ्यावे, अशी अपेक्षा असते. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून मराठी नियतकालिकांनी हे काम केले आहे. ‘अभिप्राय’ या शब्दात ‘अभि’ आणि ‘प्र’ हे उपसर्ग व ‘जाणे’ या अर्थाचा धातू आहे. संस्कृतात त्याचा मुख्य अर्थ हेतू किंवा मनातला आशय असा होता. मराठीत तो ‘मत’ या अर्थाने स्थिरावला, तरी एखाद्या गोष्टीच्या दिशेने जाणे ही मूळ छटा मला फार मोलाची वाटते. तिसरा शब्द शिफारस. हा फारसीतून आलेला, दरबारी वळणाचा शब्द. शिफारस नेहमी कोणाची तरी कोणाकडे केली जाते. परीक्षण लिहिताना समोर कोणी नसले तरी चालते, अभिप्राय वहीत लिहून ठेवता येतो, पण शिफारशीला समोर माणूस लागतोच. माझे सगळे म्हणणे या शेवटच्या वाक्याभोवती आहे.

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी समाजाला या तिसऱ्या शब्दाची गरज अधिक आहे. पुण्यात किंवा मुंबईत नवे पुस्तक दुकानाच्या काचेतून दिसते, वर्तमानपत्रात त्याच्याविषयी छापून येते, प्रकाशनसमारंभाची निमंत्रणे येतात. वडोदऱ्याला मराठी पुस्तक दिसत नाही, ते ऐकू येते. दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या घरी मुंबईहून कोणी पाहुणा आला की त्याच्या पिशवीत एखादे पुस्तक असे, ते चार घरी फिरे, आणि पुस्तकाच्या आधी त्याची वार्ता फिरे. मराठी साहित्य संमेलने आपल्या शहरात १९०९, १९२१ आणि १९३४ साली भरली. त्यानंतरचे येथील संमेलन २०१८ चे. मधल्या ८४ वर्षांत येथील वाचकाला मराठी पुस्तकाशी कोणी जोडून ठेवले, असे विचाराल तर वाचनालये आणि सांगणारी माणसे, असेच उत्तर द्यावे लागेल.

वाचनालयांची गोष्ट तर आपल्या शहराच्या अभिमानाची आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. वाचायला शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही मिळाले नाही तर तो चार वर्षांत पुन्हा निरक्षर होतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून घेतले. बॉर्डन १९१३ पर्यंत येथे होते. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, त्याला महाराजांच्या खासगी संग्रहातले सुमारे २०,००० ग्रंथ मिळाले. खेड्यांतल्या लोकांनी वर्गणी काढली की सरकार आणि पंचायत आपापला वाटा देत आणि गावात वाचनालय निघे. जेथे तेवढेही शक्य नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवली जात. ही फिरती ग्रंथालये म्हणजे त्या काळात हिंदुस्थानात नवलाईच होती. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात काचेची जमीन आहे, वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत यावा म्हणून. लहानपणी त्या काचेवर पाय ठेवायची मला भीती वाटे. पण तो विषय वेगळा.

पेटी गावात पोहोचते, परंतु पेटीतले पुस्तक वाचकापर्यंत पोहोचतेच असे नाही. हे त्या काळच्या कार्यकर्त्यांनाही कळत होते, म्हणूनच १९१२ पासून येथून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. पुढे १९३१ साली एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील दुसऱ्या आणि तिसऱ्या नियमांचा आशय असा, की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वरवर पाहता ही एकाच गोष्टीची दोन वाक्ये वाटतात. तसे नाही. पहिल्यात वाचक शोधत येतो. दुसऱ्यात पुस्तक वाट पाहत बसलेले असते आणि कोणीतरी मध्यस्थ हवा असतो. तो मध्यस्थ दर वेळी ग्रंथपाल असतोच असे नाही. बहुधा तो नुकतेच ते पुस्तक वाचून परत करायला आलेला दुसरा वाचक असतो.

या शाळेतील ग्रंथालयात बाईंनी ठेवलेल्या वहीचा उल्लेख येथे केला पाहिजे. (त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत, मीही तेच म्हणते.) पुस्तक परत करताना विद्यार्थ्याने त्या वहीत चार रकाने भरायचे असत : पुस्तकाचे नाव, कुठल्या पानापर्यंत वाचले, काय लक्षात राहिले, आणि हे कोणाला द्यावे. ‘आवडले की नाही’ असा रकानाच नव्हता. मी एकदा त्यांना याचे कारण विचारले. त्या म्हणाल्या, “आवडले की नाही विचारले की मुले बाईंना काय आवडेल ते लिहितात.” अध्यापनाच्या माझ्या साऱ्या वर्षांत पदव्युत्तर वर्गालासुद्धा याहून चांगली प्रश्नपत्रिका मला काढता आलेली नाही.

चारही रकान्यांत अर्थ आहे. दुसरा रकाना घ्या. कुठल्या पानापर्यंत वाचले हे सांगण्यात लाज वाटण्याचे कारण नाही, पण आपल्याकडे ती वाटते. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. तिच्याविषयी मी शेकडो विद्यार्थ्यांची मते ऐकली. परीक्षेत ती नेमलेली असल्यामुळे उत्तरपत्रिकांत सगळेच तिचे चाहते असत. तोंडी मात्र वेगळी हकीकत निघे. काहींना सुरुवातीची पाने अनोळखी वाटत, कथानक कधी सुरू होणार याची ते वाट पाहत. एक मुलगा म्हणाला, की बहिणीच्या मृत्यूचा भाग येईपर्यंत मी हसत होतो आणि नंतर मागची पाने मला पुन्हा वाचावी लागली. हा अभिप्राय अस्सल आहे. त्यात पुस्तकाची चाल आहे, वाचकाची चाल आहे, आणि पुढच्या वाचकासाठी एक सूचनाही आहे : सुरुवातीला अडलात तर थांबू नका. ‘मराठी कादंबरीतील क्रांतिकारक टप्पा’ या वाक्याने यांतले काहीच साधत नाही, ते खरे असले तरी.

तिसरा रकाना अधिक अवघड. ‘काय लक्षात राहिले’ या प्रश्नाला बहुतेक लोक कथानक सांगतात. कथानक किती सांगावे, याला काही मर्यादा आहे की नाही? विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ ही १९३९ सालची कादंबरी घेऊ. युरोपातून पूर्वेकडे निघालेली आगबोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, एक मराठी तरुण आणि हॅर्टा नावाची तरुणी. एवढे सांगून थांबावे. शेवट सांगणे हा ऐकणाऱ्यावर अन्याय आहे, कारण त्या कादंबरीतला प्रत्येक दिवस बंदर जवळ येत असल्याच्या जाणिवेने भारलेला आहे आणि तो ताण वाचकाचा हक्क आहे. उलट शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) सांगताना शेवट लपवण्यात काय हशील? कर्णाचे काय झाले हे घरातल्या आजीलाही ठाऊक आहे. तेथे सांगण्यासारखी गोष्ट ही, की हकीकत एकट्या कर्णाच्या तोंडून येत नाही. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण हेही आपापल्या परीने बोलतात. म्हणजे कथानक सांगण्याचा सरसकट नियम नाही, पुस्तक कशाच्या बळावर चालते ते आधी ओळखावे लागते. ते ओळखता आले की तो अभिप्राय परीक्षणाच्या अगदी जवळ जातो आणि तरीही दोन वाक्यांत मावतो.

‘रणांगण’बद्दल आणखी थोडे सांगते, कारण एकाच पुस्तकाची निरनिराळी माणसे निरनिराळी शिफारस कशी करतात याचे ते उत्तम उदाहरण आहे. आमच्या वाचक मंडळात एका गृहस्थांनी ती प्रेमकथा म्हणून सांगितली. दुसऱ्या एका भगिनींनी ती घर सुटलेल्या माणसांची कथा म्हणून सांगितली. त्यांचे माहेर फाळणीपूर्वी कराचीत होते. तिसऱ्या एका तरुणाने सांगितले, की ही लहान आहे, दोन बैठकांत होते, प्रवासात न्यायला बरी. तिघांपैकी कोण बरोबर, हा प्रश्न निरर्थक आहे. पण कोणाचे ऐकून किती जणांनी पुस्तक नेले, हे मी पाहिले आहे. त्या भगिनींच्या बोलण्यानंतर पुस्तकाला महिनाभर उसंत नव्हती. त्यांनी पुस्तकाचे कौतुक जवळजवळ केलेच नव्हते. आपण ते कोठे उभे राहून वाचले, एवढेच सांगितले होते.

मतभेदाचेही असेच. दोन वाचकांचे एकमत झाले की संभाषण संपते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाली. आमच्या घरी आई ते पुस्तक हसण्यासाठी वाचत असे. वडिलांचे सोवळे, टिळकांचा विसरभोळेपणा, संसारातल्या फजित्या तिला तोंडपाठ होत्या. माझी मावशी तेच पुस्तक डोळ्यांत पाणी आणून वाचे, कारण १८९५ साली टिळकांनी धर्मांतर केल्यानंतरच्या वर्षांत लक्ष्मीबाईंची जी ओढाताण झाली, ती तिला असह्य होई. दोघी बहिणी त्यावरून वाद घालीत. आई म्हणे, “अगं, त्या स्वतः हसून सांगताहेत, तू का रडतेस?” मावशी म्हणे, “म्हणूनच.” त्या एका शब्दात ‘स्मृतिचित्रे’च्या शैलीविषयी जे आले आहे, ते पुढे मी प्रबंधात सांगू पाहिले तेव्हा मला कितीतरी पाने लागली.

आता निकामी अभिप्रायांचे प्रकार. त्यांच्यावर फार वेळ घालवण्याची इच्छा नाही. ‘छान आहे’, ‘वेळ जातो’ हे निरुपद्रवी. पुरस्काराचे नाव सांगून थांबणे हे थोडे वाईट, कारण त्यात वाचक स्वतः गैरहजर असतो. मलपृष्ठावरचा मजकूर आपला म्हणून सांगणे हे त्याहून वाईट. सर्वांत घातक वाक्य म्हणजे ‘वाचलेच पाहिजे’. या ‘च’ने जितकी पुस्तके मारली तितकी वाळवीनेही मारली नसतील. हे वाक्य तरुणांना ऐकवण्याचा मोह शिक्षकांना आणि आजीआजोबांना फार असतो. ऐकणाऱ्याच्या मनात त्या क्षणी पुस्तकाचा गृहपाठ होतो.

वाचकांच्या मताला छापील जागा देण्याचे चांगले प्रयत्न मराठीत झाले आहेत. केशवराव कोठावळे यांनी १९६४ साली सुरू केलेल्या ‘ललित’ मासिकाने चोखंदळ वाचकांची निवड मागवण्याची प्रथा पाडली. ती यादी येथील वाचनालयांत पुस्तकखरेदीसाठी मार्गदर्शक म्हणून वापरली जात असे. परंतु अशी निवड म्हणजे पुष्कळ वाचकांच्या मतांची बेरीज असते. बेरजेत चौथा रकाना येऊ शकत नाही. कोणते पुस्तक चांगले, हे ती सांगते. हे पुस्तक तुझ्यासाठी, असे ती म्हणू शकत नाही.

या चौथ्या रकान्यावर आपल्या समाजाचे बरेच काही अवलंबून आहे, असे मी म्हणते तेव्हा माझ्यासमोर घरोघरची नातवंडे असतात. गुजरातमधील मराठी घरांतली बहुतेक मुले आज गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. ती मराठी वाचत नाहीत याचे खापर आपण लिपीवर आणि भाषेवर फोडतो. लिपीची अडचण खरी नाही. हिंदीमुळे देवनागरी त्यांना येते. ‘ळ’ हिंदीत नसला तरी गुजरातीत आहे. तीन लिंगेही गुजरातीत मराठीप्रमाणेच आहेत. शब्द अडतील, वाक्यरचना नाही. मग अडते कोठे? मला वाटते, कोणते पुस्तक आणि का, हे त्यांना त्यांच्या वयाच्या व स्वभावाच्या बेताने सांगणारे कोणी नसते. ‘आपली मातृभाषा आहे’ ही शिफारस होऊ शकत नाही, ती आज्ञा आहे.

एक उदाहरण देते. आमच्या सोसायटीतील एका मराठी कुटुंबातला मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होता. घरात मराठी बोलत, परंतु मराठी पुस्तकाला त्याने कधी हात लावला नव्हता. शेजारच्या वयस्कर गुजराती बेनना महाभारताचे वेड. त्यांनी ‘मृत्युंजय’चा गुजराती अनुवाद दोनदा वाचला होता. गुजरातीत ही कादंबरी फार वाचली गेली आहे. त्या एके दिवशी त्या मुलाला जिन्यात गाठून म्हणाल्या, “बेटा, मला हे भाषांतर वाचून एवढे रडू आले, तर मुळात काय असेल? तुला तर मूळ वाचता येते. तू वाच आणि मला सांग, शोणाचे बोलणे मराठीत कसे आहे.” त्याला पुस्तक पुरे करायला चार महिने लागले. मध्येच तो माझ्याकडे शब्दांचे अर्थ विचारायला येई. संस्कृतप्रचुर भाषेने तो घाबरला होता, पण सोडायला तयार नव्हता, कारण बेनना उत्तर द्यायचे होते. त्याच्या आईने आणि आजीने हेच पुस्तक वाच म्हणून त्याला अनेकदा सांगितले होते. बेननी त्याला पुस्तक दिले नाही. एक काम दिले, जे त्यालाच करता येण्यासारखे होते.

या घटनेत एक विपरीत गोष्ट आहे, ती नजरेआड करू नये. मराठी पुस्तकाची शिफारस मराठी घरात गुजराती शेजाऱ्याकडून आली. सरहद्दीवर राहणाऱ्या समाजांचे हे भाग्य आहे. याच प्रदेशात काकासाहेब कालेलकरांसारख्या मराठी माणसाने गुजराती गद्य समृद्ध केले. दोन भाषांच्या शेजारात पुस्तके इकडून तिकडे जातात, तेव्हा तिकडच्या वाचकाचे मत आपल्या पुस्तकाविषयी ऐकून घ्यायला काय हरकत आहे? आमच्या मंडळात तसा एक प्रयोग चालू आहे. दर दोन महिन्यांनी एका गुजराती वाचकाला बोलावतो, त्याने अनुवादातून वाचलेल्या मराठी पुस्तकाविषयी तो गुजरातीत बोलतो. उपस्थिती बेताची असते. चर्चा मात्र जोरात होते.

वेळेविषयी एक सूचना. पुस्तक संपताक्षणी सांगावे की काही दिवस थांबावे? संपताक्षणी सांगितलेल्यात ऊब असते, पण शेवटच्या वीस पानांचा रंग सगळ्या पुस्तकाला लागलेला असतो. आठवड्याने जे उरते ते अधिक विश्वासार्ह. फार थांबलात तर लेखकाचे नाव आणि मुखपृष्ठाचा रंग एवढेच उरते. बाई पुस्तक परत करण्याच्या दिवशीच वही भरायला लावीत, कारण नंतर मुले हाती लागत नसत. ते शाळेपुरते ठीक होते.

आता मी नुकतेच जे वाचून संपवले त्याविषयी, बाईंच्या चार रकान्यांत. पुस्तक : व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’, पहिले प्रकाशन १९५५. कुठपर्यंत वाचले : संपूर्ण, हे चौथे वाचन. काय लक्षात राहिले : धनगरांच्या वाडीवर एकटा आलेला कोवळ्या वयाचा मास्तर, मेंढरांमागे गेलेली मुले, आणि तालीम बांधण्यासाठी अवघ्या वाडीने घेतलेला ध्यास. कोणाला द्यावे : या जूनमध्ये शाळेत जे दोन नवे शिक्षक रुजू झाले आहेत त्यांना, विशेषतः ज्यांच्या वर्गात पहिल्या आठवड्यात निम्मी बाके रिकामी होती त्यांना. शाळेच्या ग्रंथालयात या पुस्तकाच्या दोन प्रती आहेत. खिडकीकडच्या कपाटातल्या प्रतीची शेवटची पाने निखळली आहेत, तेव्हा दाराजवळच्या कपाटातली घ्यावी.